आक्काचा अर्धा कप

तार आली तेव्हा मी पोस्टमनचीच नक्कल करत होतो. मारुतीच्या पारावर, खांद्याला पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि सायकलची घंटी तोंडानं. पोरं खिदळत होती. तेवढ्यात मागं खरी घंटी वाजली. पोरांना वाटलं ती पण मीच वाजवली, टाळ्या पडल्या. एरवी हा पोस्टमन "थांब, तुझ्या आबाला सांगतो" म्हणून अंगावर धावायचा. त्या दिवशी त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पांडू, जरा बाजूला चल." तार उघडायची गरजच राहिली नाही. सांगलीच्या दवाखान्यात आक्का होती, आई-आबा तिच्यापाशी होते आणि मी म्हशींसाठी मागं रहिमतपुरात राहिलो होतो...

आक्का गेली त्याला आता महिना होत आला. भेटायला माणसं येतात, आई चहा देते आणि नवीन माणूस कपात बघत राहतो. आमच्याकडं चहा अर्धा कपच मिळतो. गावात म्हणच झालीय, "हवालदाराकडं जावा, पण चहा पिऊन जावा." आबा मिलिट्रीतनं पेन्शनीत आलेले, मळ्यात ऊस, दावणीला म्हशी, दुधाला काय तोटा नाही. तरी अर्धा कप. ही चिकटपणाची कीर्ती आम्ही कधी खोडून काढली नाही. आज सांगतो.

आक्का, म्हणजे सुमन, माझी थोरली बहीण. मी घरातला उनाड, ती घरातली शहाणी. दुष्काळाच्या आदल्या वर्षी हिवाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला, गुडघे सुजले. आईनं काढा दिला, बरं वाटलं, सगळे विसरून गेले. मग बऱ्याच दिवसांनी वर्गात तिची दौत सांडली. दुसऱ्या दिवशी परत सांडली. अक्षर मोत्यासारखं होतं, त्याला पाय फुटले. तोंड आपोआप वाकडं व्हायला लागलं. बाईंनी तिला बाकावर उभं केलं. "भाऊ सगळ्या गावाला वेडावतो, आता बहीण मला वेडावायला लागली!" माझी कीर्ती तिला अशी भोवली. मी हेडमास्तरांपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो, मग माझ्या बहिणीचं तोंड वाकडं झालं तर ते खरं कोण मानणार?

घरातही तेच. कप हातातनं निसटायचा, ताट उडायचं. कारण नसताना हसायची, हसता हसता रडायची, आईच्या अंगावर ओरडायची. ही आमची आक्काच नव्हे, असं वाटायचं. स्वतःच्या हातावर बसून राहायची, हात पळून जाईल म्हणून धरल्यासारखी. मला म्हणायची, "मी करत न्हाई रं पांड्या. हातच करतोय."

आमच्या आत्तीनं निकाल लावून टाकला. अंगात देवी आली! तिनं आक्काला पाटावर बसवलं, मळवट भरला, पुढं नारळ ठेवला. गल्लीतल्या बायका प्रश्न घेऊन हजर. एकीनं हात जोडून विचारलं, "आई, माजी म्हस कवा विणार?" आक्काचे हात हलत होते, मान उडत होती, पण जीभ शाबूत होती. म्हणाली, "मला काय इचारता, काकू? म्हशीला इचारा की!" मी हसून हसून माजघरात लोळलो. आत्ती मात्र म्हणाली, "बगा, देवी कशी रोखठोक बोलती!"

बायका गेल्या. आक्का कपाळावरचं कुंकू पुसायला बघत होती, ते डोळ्यात गेलं, गालाला लागलं. मग म्हणाली, "पांड्या, माजी नक्कल कर."

"न्हाई करत."

"कर की. समदी मला बगत्यात. मी कशी दिसते ते मलाच दिसत न्हाई."

मी केली. कप उचलला, हात हिसडला, मान उडवली, चहा सगळा शर्टावर. ती टक लावून बघत राहिली. आधी हसली. मग डोळे भरले. मग म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं लय भ्या वाटण्यागत असंल." त्या दिवसापासनं तिचा चहा सांडला की माझाही सांडायचा. आई माझ्यावर करवादायची. मग एका सकाळी आत्ती म्हणाली, "वैनी, पोरीला येगळं बशीव, समदं घर घाण करतीय." आबा बाजूलाच बसले होते. कडक इस्त्रीचं धोतर, मिशीला पीळ. त्यांनी आपला कप हळूच मांडीवर कलता केला. "सांडलं," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले. अर्धा कप कमी सांडतो म्हणून दुसऱ्या दिवसापासनं आईनं तिला, आणि तिच्याबरोबर सगळ्यांनाच, अर्धा कप द्यायला सुरुवात केली. म्हणजे आक्काचा एकटीचा कप वेगळा दिसायला नको.

शेवटी सांगलीच्या मामानं जोर केला आणि आम्ही एस्टीनं सांगलीला गेलो. डॉक्टर पिकल्या केसांचे, बोलताना दर वाक्याआधी खाकरायचे. (ती नक्कल मी परतीच्या गाडीतच बसवली.) त्यांनी आक्काला आपली दोन बोटं घट्ट धरायला सांगितली. तिची मूठ आवळायची, सुटायची, परत आवळायची. आई एकदम बोलली, "अगं बया, धार काढल्यागत करतीय की!"

डॉक्टर हसले. "बाई, आमच्या पुस्तकात अगदी असंच लिहिलंय. झोपेत हात हलतात का हिचे?"

"न्हाई वो. झोपल्यावर लय शांत असती."

मग त्यांनी मागच्या तापाचं, घशाचं, गुडघ्यांचं विचारलं आणि खाकरून समजावलं. घशात जो जंतू शिरला होता तो नकल्या. त्याचं वरचं रूप आपल्या शरीरातल्याच काही भागांसारखं. रोगाशी लढणारे शिपाई रक्तात असतात, ते त्याच्यावर तुटून पडले, जंतू मेला. पण शिपायांच्या डोळ्यात ते रूप राहिलं. आता मेंदूत तसंच काही दिसतंय, तर ते तिथंही वार करतायत. म्हणून हात हलतो. म्हणून रडू येतं, राग येतो. "हे नाटक नाही. हट्ट नाही. देवी तर नाहीच."

नकल्या म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघितलं. आबांनी मिशीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे गस्तीच्या पोरांनी अंधारात आपल्याच चौकीवर फायर केला."

"अगदी तेच, हवालदार."

"हुतं तसं," आबा म्हणाले. "पोरांची चूक नसती, सायेब. चौकीची बी नसती. अंधार असतो." आणि मी पहिल्यांदाच बघितलं, त्यांनी आक्काचा हलता हात आपल्या दोन्ही हातात धरला. आई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माजी पोर खरं बोलत हुती..."

हात थांबायला उन्हाळा उजाडला. आमची आक्का परत आली, पण शिपायांनी जाता जाता काळजाच्या झडपेवरही वार केला होता. परत घसा धरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. सुई लय दुखायची. मी समोर उभा राहून कंपाउंडरचीच नक्कल करायचो, तो सुई धरून हसायचा आणि आक्का ओरडायची, "आदी टोचा वो, मग हसा!"

पुढं ती मामाकडं राहून सांगलीतच बालवाडीत शिकवायला लागली. एखादं पोर किरकिर करायला लागलं, गुणी पोर अचानक चावायला लागलं, की दुसऱ्या बाई हात उगारायच्या. आक्का आधी कपाळाला हात लावायची, मग आ करायला लावायची. म्हणायची, "आधी गळा बघा, मग कान धरा." अंगात ताप शिरला की तो मनातही शिरतो, माणूस घोंगडीत तोंड घालतो, पुरणपोळीसुद्धा नको म्हणतो, ते काय त्याचा स्वभाव नसतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढं ती झडपच दमली; शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा आक्का तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की दम लागायचा. मी डॉक्टरांचं खाकरणं करून दाखवलं. तिनं हातानंच खूण केली, बास, हसायला हवा पुरत नाही. मग थांबत थांबत म्हणाली, "म्हशींकडं बघ जा... आन् विणायची कवा ते इचारून ये."

परवा सकाळी आम्ही तिघंच होतो. आईनं अर्धे अर्धे कप पुढं ठेवले आणि खाली बघत म्हणाली, "पांडू, तुला समद्यांचं येतं. सुमीचं कर की रं एकदा." तिचा आवाज मला येतो. मान वळवायची लकब येते. ती खांदे उडवून "एवढंच व्हय?" कसं म्हणायची तेही येतं. मी कप उचलला. काही करायच्या आधीच हात कापायला लागला, माझा खरा हात, थांबेना... आणि चहा शर्टावर आला.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग आपला कप हळूच धोतरावर कलता केला.

"सांडलं," म्हणाले.

आईनं फडकं आणलं नाही. तिनंही आपला कप पदरावर धरला.