परबबाईंनी काढलेली बोटं

विद्यार्थ्याच्या चित्रात परबबाईंनी जरा जरी पेन्सिल फिरवली, तरी त्या कागद उलटा करून मागे तसं लिहीत. ‘शेपूट माझी.’ ‘ढग माझे, डोंगर तिचा.’ एकदा एका चित्रामागे ‘मांजर सोडून सगळं माझं’ असं लिहिलेलं वाचून त्या मुलाची आई भांडायला आली. बाई शांतपणे म्हणाल्या, “मांजर बघा ना. मांजर झकास आहे.”

मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचा चित्रकलेचा क्लास होता. माझी त्यांची ओळख भांडणानेच झाली. मी आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून रेघ ओढायचीही आवड नसलेली मुलं क्लासला बसतात आणि ज्यांना फी परवडत नाही ती मागे राहतात. मला याची चीड होती. ‘कलेचा बाजार बंद करा!!!!’ असं पत्रक काढून मी थेट बाईंच्या दारात वाटायला उभी राहिले. माझी धाकटी बहीण मुग्धा त्याच क्लासला जाते, हे अर्थातच संघटनेत कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी पत्रक उभ्या-उभ्या पूर्ण वाचलं. आमची पत्रकं कुणी पूर्ण वाचत नाही, त्यामुळे मी गडबडलेच.

“चार उद्गारचिन्हं आहेत. एक ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि हे लिहिलंयस, चित्रांच्या जोरावर श्रीमंतांची पोरं मोठ्या विद्यापीठात जातात. खरंच जातात काय गो? तू बघितलंस?”

“सगळ्यांना माहितेय.”

“माका नाय माहीत. इतकी वर्षं शिकवतेय, एकाही पोराने परत येऊन सांगितलं नाही, की बाई, चित्रामुळे मला घेतलं. घेतात काय? कळलं तर सांग हां मला.”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. बाईंनी तरुणपणी कलाशाळेसाठी अर्ज केला होता, पण निवड झाली नव्हती. “नापास केलं असतं तरी चाललं असतं,” त्या म्हणायच्या, “नुसतं यादीत नाव नव्हतं. का नव्हतं, ते कोण सांगणार?”

मग मुग्धाची बारावी आली. परराज्यातल्या एका नामांकित खासगी विद्यापीठात तिला जायचं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच. नाहीतर आमच्या घरात तो विषयच नव्हता. अर्जात एक रकाना होता: कलागुण असल्यास स्वतःच्या कलाकृतींचे फोटो जोडा.

तिचं सर्वांत चांगलं चित्र गोराईचं होतं. बाई दरवर्षी मुलांना फेरीबोटीने तिकडे न्यायच्या, बाहेर बसून काढायला. दारात कोळंबी सोलत बसलेली म्हातारी मुग्धाने काढली होती. कागदामागे बाईंच्या अक्षरात होतं: ‘हात माझे.’

“पुढच्या बाजूचा फोटो टाक,” मी म्हणाले. “मागचं कोण बघतंय?”

हो, मीच म्हणाले. बाजार बंद करायला निघालेली मी.

“ताई, तू ना, बाहेर एक आणि घरात एक,” असं म्हणून मुग्धा सरळ बाईंकडे गेली. मी तिच्या मागोमाग.

बाई म्हणाल्या, “मागचापण फोटो पाठव की. बघू या काय म्हणतात.”

“बघू या काय?” मी ओरडले. “शिष्यवृत्ती जाईल तिची! तुम्हाला प्रयोग सुचतायत!”

“ओरडू नको गो. लपवून पाठवलं आणि घेतलं, तर कोणाला घेतलं ते आपल्याला कसं कळायचं? हिला की मला?”

मुग्धाने दोन्ही बाजू पाठवल्या. ऑनलाइन मुलाखत झाली. महिन्याभराने दोन ओळींचा नकार आला.

मी तावातावाने ईमेल लिहिला: कारण सांगा, चित्रांचा विचार केला की नाही ते सांगा. उत्तर आलं, ‘अर्जाचा सर्वांगीण विचार केला जातो.’ बाईंनी माझ्या फोनवर ते दोनदा वाचलं.

“म्हणजे काय गो?”

“म्हणजे सांगणार नाही.”

“हां,” म्हणाल्या आणि मुग्धाकडे वळल्या. “तुला मुलाखतीत काय विचारलं?”

मुग्धा इतके दिवस हे टाळत होती. “बाईंनी काढलेले हात तुला पटले का, असं विचारलं.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

मी कपाळाला हात लावला. मुग्धा मान खाली घालून बोलत राहिली, “बाई, तुमचे हात सुंदरच आहेत. पण सतार वाजवणाऱ्या बाईसारखे आहेत. ती कोळंबी सोलत होती. तिची बोटं अशी नव्हती.”

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही बाई ना.”

“आणि त्या परक्यांना सांगितलंस.”

“त्यांनी विचारलं.”

बाईंनी माझा फोन मला परत दिला. मग स्वतःशीच म्हणाल्या, “मी नाय विचारला कधी.”

मुग्धा आता घाटकोपरच्या कॉलेजात आहे. कलेमुळे प्रवेश मिळतो का, तिचं खरं बोलणं नडलं की गुणच कमी पडले, मला आजही माहीत नाही. ते सांगायला विद्यापीठांना भाग पाडावं, यासाठी मी नवं पत्रक लिहिलंय. उद्गारचिन्ह एकच.

पण नकार आला त्याच महिन्यातल्या एका रविवारी बाई आम्हा दोघींना घेऊन गोराईला गेल्या. क्लास नव्हता, दुसरी मुलं नव्हती. ती म्हातारी दारातच होती, पुढ्यात कोळंबीची पाटी. बाई समोरच्या ओट्यावर वही उघडून बसल्या आणि नुसत्या तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

“काय बघतेस गं मघापासून?” म्हातारी खेकसली. “रिकामी आहेस तर बस, सोल.”

बाईंनी वही मुग्धाच्या हातात दिली, पदर खोचला आणि पाटीपाशी फतकल मारली. पहिल्या दोन-तीन कोळंब्या चिरडल्या. म्हातारीने शिव्या घातल्या. मग हळूहळू बोटं चालायला लागली, लाल झाली, काटे टोचले. मध्येच थांबून बाईंनी ओला हात उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि केवढ्यांदा तरी ओरडल्या, “मुग्धा, ये, बघ! अंगठा असा आत वळतो!”