सहाही दोघांच्या नावावर

छापखान्यात तिला सगळे सुई म्हणायचे. एक तर अंगानं काटकुळी, दुसरं म्हणजे बोलणं टोचरं आणि तिसरं, पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापील पानांचे घडी घातलेले गठ्ठे, शिवायला तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. खुद्द मालकसुद्धा तिला काही सांगायचं तर आधी घसा खाकरून घ्यायचा. नवऱ्याला मात्र ती जपून बोलायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. स्वतःची जागा होऊ दे, मग मूल, असं दोघांचं ठरलेलं.

एकतिसाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "केमोनं जीव वाचेल अशी आशा आहे, पण पुढं मूल होणं अवघड. ती सोय करायची तर आत्ताच करावी लागेल. पंधरा दिवस देते, त्याहून जास्त नाही."

ही सोय समजावून सांगायचं काम एका वयस्कर सिस्टरकडे होतं. छोटी खोली, एकच टेबल, त्याच्या एका बाजूला सिस्टर आणि दुसऱ्या बाजूला सुई, नवरा नि सासू. तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून सुईच उभी होती.

"दोन वाटा आहेत," सिस्टर म्हणाल्या. "ताई, तुमची नुसती स्त्रीबीजं गोठवली, तर ती तुमच्या एकटीची. यजमानांच्या बीजाशी जुळवून गर्भ करून गोठवले, तर ते दोघांचे. मग उद्या वापरायचे झाले तर दोघांच्या सह्या लागतात; एक गेलं तरच मागं राहणाऱ्याची एकट्याची पुरते. एक जरी नाही म्हणाला, तरी खेळ खलास. माझं ऐकाल तर निम्मी नुसतीच ठेवा."

"निम्मी?" सासू म्हणाली. "वाटण्या करायला आलोय का आम्ही?"

"आणि नुसती अंडी ठेवून काय आम्लेट करणारेस?" नवरा म्हणाला.

मायलेकरं हसली. सुईसुद्धा हसली. एरवी असं कुणी बोललं असतं तर तिनं त्याच्या चिंध्या केल्या असत्या. पण उद्या ओकाऱ्या काढताना पाठीवर हात ठेवायला कुणीतरी लागणार होतं, आणि तिला हाच एक माणूस होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत. नवऱ्यानं कागदावर बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि कागद फायलीत लावला.

दहा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली. नऊ स्त्रीबीजं निघाली, त्यांचे सहा गर्भ झाले. सासूनं जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "सहा आहेत हो, सहा!" त्या पंधरवड्यात यांच्याकडं येऊन राहून तिनं सुनेला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. सुईला वाटलं, आजारपणानं का होईना, या घरानं आपल्याला आपलं म्हटलं.

केमो सुरू झाली. पहिल्या दोन वेळी नवरा सोबत आला. तिसऱ्या वेळी त्याला ऑफिसात तपासणी होती. चौथ्या वेळी त्याला सर्दी झाली, आणि तुला बाधायला नको म्हणून तो आईकडं राहायला गेला. ती सर्दी काही बरी झाली नाही. स्तन काढल्यावर पाचव्या आठवड्यात टाके दाखवायला ती एकटीच रिक्षानं गेली, आणि परत आली तर दारात वकिलाची घटस्फोटाची नोटीस.

औषधानं बोटांची टोकं बधिर झाली ती कायमची. सुई धरली तर ती हातात आहे की पडली, हेच कळेना. मालकानं तिला फर्म्यांवरून उठवून पानं मोजायला बसवलं. तिला बघून घसा खाकरणं त्यानं सोडून दिलं.

दोन वर्षांनी तपासण्या स्वच्छ आल्या. पाळी मात्र परतली नव्हती. "स्त्रीबीजं आता तयार होणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गर्भपिशवी उत्तम आहे. ठेवलेत ना सहा? यजमानांची सही आणा."

रविवारी सकाळी ती सासूच्या दारात उभी राहिली. दार उघडलं ते नव्या बायकोनं. सातवा महिना असावा. तिनं भाबडेपणानं पाणी आणून दिलं आणि नवऱ्यानं तिला आत पाठवलं.

"मला काही नको," सुई म्हणाली. "नाव नको, खर्च नको. लिहून देते. फक्त सही कर."

"माझं मूल माझ्या घरात येतंय," तो म्हणाला. "दुसरं गावभर कशाला हिंडायला हवं?"

"मग तेव्हा सगळ्याच बीजांचे गर्भ कशाला करायला लावलेस? सिस्टर सांगत होत्या, निम्मी माझी ठेवा म्हणून."

तो आईकडं बघायला लागला. सासू मटार सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आता तोंडावर सांगायला काय जातंय? तू वाचशील असं कुणाला वाटलं होतं? तू गेल्यावर याला दुसरी केली असती. तिला झालं नसतं मूल, तर हे होते हाताशी. नुसती तुझी अंडी घेऊन आम्ही काय केलं असतं?"

"आई," तो म्हणाला.

"या नवीला राहिलं आपलं आपण. आता गरज नाही."

दोन्ही हातांनी ग्लास नीट धरून सुईनं तो टेबलावर ठेवला आणि जिना उतरली.

महिन्याभरात त्याचं नकाराचं पत्र दवाखान्यात पोचलं. नियमाप्रमाणे गर्भ नष्ट करायचे होते. ज्या दिवशी केले, त्या दिवशी ती तिथं जाऊन बसली. "मला बघायचेत," ती म्हणाली.

"नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही हो, ताई," सिस्टर म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?"

"झालं."

पुढं सिस्टरांनीच तिला मंगळवारी येऊन बसायला सांगितलं. नव्यानं येणाऱ्या बायकांना काय घडलं तेवढं सांगायचं, सल्ला द्यायचा नाही. पाच-सहा मंगळवार झाले. मग एक नुकतं लग्न झालेली मुलगी आली, डोळे रडून सुजलेले. सुईनं सगळं सांगितलं. मुलगी नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाली, "निम्मी माझ्या नावावर ठेवूया का?"

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

मुलीनं घाईघाईनं सही केली, सगळेच गर्भ दोघांच्या नावावर. वर सुईलाच म्हणाली, "सगळे पुरुष सारखे नसतात हो."

तिच्या नवऱ्यानं जाता जाता तक्रार केली: ही बाई लोकांचे संसार मोडते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं सिस्टरांना समज दिली आणि सुईचं आत येणं बंद झालं.

आता ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसते, मंगळवारी, छापखान्याची वेळ होईपर्यंत. कुणी थांबली तर सांगते. बहुतेक जणी थांबत नाहीत.