माळवदावरची राखण

डॉक्टरांनी मला काहीच सांगितलं नाही. यांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, "स्प्युटम पॉझिटिव्ह." स्प्युटम म्हणजे थुंकी. पॉझिटिव्ह म्हणजे तिच्यात क्षयाचे जंतू सापडले. थुंकी माझी, फुप्फुस माझं, आणि बातमी मात्र नवऱ्याला. त्या लोटलेल्या दाराचा मला अजून राग येतो.

हे बाहेर आले तेव्हा यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाकावर माझ्याशेजारी एक बाई डोळ्याला पट्टी बांधून बसली होती. इतका वेळ ती मला सुनेच्या कागाळ्या सांगत होती. उठताना मी खोकले, तशी ती पदर नाकाला लावून बाकाच्या पार टोकाला सरकली. एका डोळ्यानंसुद्धा माणसाला बरंच दिसतं.

ज्यांच्या घरात हे दुखणं येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे, म्हणून सुरुवात कशी झाली तेही सांगते. मला ती ओळखता आली नाही. दिवाळीच्या आधीपासून संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. सकाळी काही नाही. खोकला होता, पण सोलापुरात धुरळा काय कमी आहे? मग चोळ्या ढिल्या होऊ लागल्या. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस. मलाही ते खरं वाटलं. त्या कौतुकात बरेच दिवस गेले.

त्या वेळी या रोगावर नेमकं औषध नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पडून राहायचं. मोकळी हवा, ऊन, दूध, अंडी. आणि घरातल्यांपासून वेगळं." याला ते ओपन एअर ट्रीटमेंट म्हणायचे, म्हणजे उघड्या हवेचा उपचार. आमच्याकडं उघडी हवा होती ती माळवदावर. मातीचं सपाट छत, कडेला कमरेएवढी भिंत. तिथं यांनी गिरणीतल्या सुताराकडून पत्र्याची खोप घालून घेतली. एक बाज, वेगळं ताट-तांब्या, फिनेल घातलेलं थुंकायचं डबडं. माझा संसार तेवढ्यात मावला. चार वर्षांच्या बाळूला मोहोळला माझ्या आईकडं पोचवलं. जाताना त्याला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. त्यानं खालच्या बोळातून हात हलवला, मी वरून.

हे गिरणीतून आले की जिन्यात उभे राहून विचारायचे, "कशी आहेस?" मी म्हणायची, "बरी आहे." मग हे तसेच खाली उतरायचे. भला माणूस, पण घाबरलेला. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या ताट वरच्या पायरीवर ठेवायच्या, "ठिवलंय गं इंदे" म्हणायच्या, आणि मी बाजेवरून उठेपर्यंत खाली गेलेल्या असायच्या. अंगाचं दुखणं सोसवतं हो. पण अख्ख्या दिवसात आपल्याशी कुणी धड बोलत नाही, हे सोसवत नाही. मी कावळ्यांशी भांडायला लागले होते.

संक्रांतीनंतर ससाणे दिसले. आमच्या बोळामागं कापसातली सरकी काढायचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या उंच धुराड्याच्या वरच्या कडेला विटा ढासळून कोनाडा झाला होता. तिथं एक जोडी येऊन बसायला लागली. पाठ पाटीसारखी काळी-निळी, पोट तांबूस, गालावर काळ्या मिशा काढल्यासारखे पट्टे. मादी नरापेक्षा चांगली थोराड. मला ते फार आवडलं.

आधी मी त्यांना घारीच समजले. पण घार चकरा मारत बसते, रिकामटेकडी. ही नुसती बसून असायची, मान फिरवत, आणि एकदम सुटायची. एकदा पारव्यांचा थवा आमच्या पत्र्यावरून गेला आणि वरून काहीतरी दगडासारखं खाली आलं. फट् असा आवाज झाला आणि हवेत नुसती पिसं. थोड्या वेळानं एक पीस माझ्या बाजेवर येऊन पडलं. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं कुणी काही पाठवलं होतं.

शिवारावर एक लहान ससाणाही दिसायचा, हवेत एका जागी पंख थरथरवत उभा राहणारा. थंडी सरली तसा तो दिसेनासा झाला. ही जोडी मात्र राहिली. शिवरात्रीच्या सुमाराला मादी कोनाड्यात जाऊन बसली ती हलेचना. नर शिकार घेऊन यायचा, लांबूनच केकाटायचा, मग ती बाहेर झेपावून त्याच्या पायांतलं पाखरू हवेतल्या हवेत काढून घ्यायची.

डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायला यायचे. कॅल्शियम म्हणजे हाडात असतो तो चुना. त्यानं फुप्फुसातली जखम बुजते, अशी तेव्हाची समजूत होती. मी त्यांना धुराडं दाखवलं. ते म्हणाले, "उत्तम. बघायला उठावं लागत नाही ना? मग बघा."

आत्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, मेंढरांचं घर. लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. एक दिवस माझी उकळून धुतलेली लुगडी माळवदावर वाळत घालताना त्यांनी मान वर केली, आणि हातातलं लुगडं तसंच छातीशी धरलं. आमच्याकडं म्हणतात, लेकराच्या कपड्यांवर पाखराची सावली पडली की लेकरू वाळत जातं. आत्यांनी लेकराच्या जागी मला धरलं.

"हे पाखरू तुला सुकवतंय," त्या म्हणाल्या. "तरीच म्हनलं, येवढी अंडी जात्यात कुटं."

"आत्या, मी दिवाळीपासून आजारी. ही आली संक्रांतीला."

"तुला तवा दिसली. ती तुला आदीपास्नं बगत आसंल की."

कप्पाळ.

त्या दिवसापासून लुगडी खाली चुलीजवळ वाळू लागली. धुराच्या वासानं मला ढास लागायची. डॉक्टर चिडले. "कपडे, अंथरूण उन्हातच पाहिजे. ऊन जंतू मारतं. सावलीबिवली मला सांगू नका." आता डॉक्टरांचं ऊन आणि आत्यांची सावली दोन्ही सांभाळायचं तर एकच वाट उरली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या काठी आणि घोंगडी घेऊन वर आल्या. माझ्यापासून लांब, दोरीवरच्या लुगड्यांच्या पलीकडं बसल्या आणि लुगडी वाळेपर्यंत राखण केली. ससाणा उडाला की उठून लुगड्यांवर काठी फिरवायच्या. तो असायचा आभाळात. त्याची सावली पडत असलीच तर मोहोळला पडत असेल.

मी तोंडावर पदर घेऊन हसले. हसता हसता खोकले. पण मनातून बरं वाटलं, वर माणूस आलं होतं.

आधी दोन-चार दिवस त्या फक्त पाखराला शिव्या द्यायच्या. मग नराला नावं ठेवायला लागल्या. "बाप्या बगा कसा. आनतोय, टाकतोय आन् पळतोय. आमच्या पोरावानी." त्यांचा पोर म्हणजे माझा नवरा. मग हळूहळू माहेरच्या गोष्टी निघाल्या. लांडग्याच्या तोंडून ओढलेलं कोकरू, कानडी गाणी म्हणणारी त्यांची आई, लग्नात हरवलेलं जोडवं. सात वर्षं एका घरात राहून यातलं मला काही माहीत नव्हतं. मी बाजेवर, त्या भिंतीशी, मध्ये लुगडी. ताट अर्धं परत गेलं की ओरडायच्या, म्हणून मी पुरतं जेवू लागले. संध्याकाळचा ताप उतरत चालला.

पाडव्याच्या आसपास कोनाड्यात पांढरे कापसाचे गोळे हलताना दिसले. तीन पिल्लं. "आता तिगं आनिक खायाला," आत्या म्हणाल्या, पण सगळ्यात लहान कुठलं ते मला त्यांनीच दाखवलं.

आणि मग एका सकाळी खोकला आला, तोंड खारट झालं, डबड्यात पाहते तो लाल. याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे फुप्फुसातली शीर फुटून खोकल्यावाटे रक्त येणं. रंग भडक असतो आणि वर फेस असतो. ज्यांना येईल त्यांनी धावपळ करू नये, टेकून पडावं आणि कुणाला तरी हाताशी ठेवावं. डॉक्टर आले, छातीवर बर्फ ठेवायला सांगितला. "हलायचं नाही. बोलायचं नाही, एक शब्दसुद्धा नाही."

आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "सांगत हुते की मी." त्यांनी लगेच गावी निरोप धाडला. त्यांचा भाचा मल्लाप्पा मधाची पोळी काढायचा, कड्याकपारीला दोरानं चढायचा. तो धुराड्यावर चढून घरटं खाली टाकणार होता, पिल्लांसकट.

तो आला तेव्हा अंगणात दोर आपटल्याचा आवाज मी ऐकला. आत्या वर आल्या. "आज मिटवून टाकते बग. मग तू बरी हुतीस."

त्यांनी ते मायेनंच चालवलं होतं, हे मला कळत होतं. पिल्लांसाठी माझा जीव तुटत होता. पण खोटं कशाला सांगू, मला त्याहून मोठी भीती दुसरीच होती. पाखरू गेलं की सावली गेली. सावली गेली की लुगडी आपली आपण वाळतील. आणि मग पुन्हा पायरीवर ताट, "ठिवलंय गं इंदे", आणि उतरत जाणारी पावलं. पुन्हा ते सुरू झालं तर मी काही बरी व्हायची नाही, असं मला ठाम वाटत होतं.

मी हातानं त्यांना थांबवलं.

"बोलू नगं," त्या म्हणाल्या.

मी बोलले. आवाज कसला, नुसता वारा. "आत्या, ती गेली तर तुम्ही वर कशाला याल?"

त्या होत्या तिथंच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "डाकदर बोलू नगं म्हनला की न्हाय?" आणि खाली गेल्या.

खालून मल्लाप्पाचा आवाज आला. "अत्ती, मोठी शिडी घावंल का कुटं?"

"शिडी नगं. भाकरी खा आन् जा."

"आन् पाखरू?"

"ऱ्हाऊ दे. लुगडी राखायला मी हाय की."

रक्त त्यानंतर आणखी दोनदा आलं आणि मग थांबलं. ते पाखरामुळं आलं नाही आणि पाखरामुळं थांबलंही नाही, एवढं मला कळतं.

वैशाखात पत्रा तापून खोपीत जीव घुसमटायचा. पिल्लं कडेवर येऊन पंख झाडत, आईबाप समोरून शिकार नाचवत आणि देत नसत. एकेक करून तिन्ही उडाली. काही दिवस आसपास केकाटत हिंडली आणि एके दिवशी कुणीच दिसेना. आत्यांनी त्या दिवशी सकाळीच लुगडी वाळत टाकली आणि त्या खाली गेल्या. दुपार झाली. मी डोळे मिटून पडले. जिन्याकडं कान द्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणजे कान तिकडंच होता. आता राखण कशाची करायची?

मग पावलं वाजली. आत्या आल्या. हातात सूप, सुपात तुरी. लुगड्यांच्या अलीकडं, डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर सोडून बसल्या आणि खडे निवडायला लागल्या.

"गेली ती," मी म्हटलं.

"दिसतंय की. मी काय आंदळी हाय व्हय?"

थोड्या वेळानं, सुपातून मान वर न करता, म्हणाल्या, "मंग? ती गेली म्हून मी यिऊ नगं व्हय?"

मला रडू आलं. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली होती, पण ते काही तिथं नव्हते.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे जंतू सापडेनासे झाले. बाळू परत आला. पहिले काही दिवस तो मला मावशी म्हणायचा. माझ्याबरोबर दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी जणी राहिल्या नाहीत, आणि मी का राहिले हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तुमच्या घरात कुणी असं माळवदावर, परसात, मागच्या खोलीत ठेवलेलं असेल, तर भांडी उकळा, तोंडावर फडकं धरा, अंतर राखा. पण ताट ठेवून मागं फिरू नका. बसायला निमित्त लागत असेल तर एखादं काढा, खुळं असलं तरी चालतं. आत्या शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायच्या, की मी नुसती वाळून चालले होते ती त्या पाखरामुळं, आणि वाचले ती त्यांच्या राखणीमुळं. त्यांचं अर्धं चुकीचं होतं. मी कधी त्यांना अडवलं नाही.