चिपवरचा कागद

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नारायण पेठेतल्या काकांच्या हातून कॉम्प्युटरचं एक दुर्मिळ कार्ड गेलं, असं आमच्या ओळखीतले सगळे समजतात. ते त्यांच्या हातून गेलेलं नाही. माझ्यामुळे गेलं.

तुम्हीही असा दुरुस्तीवाला पाहिला असेल. दुकान जिन्याखाली, बसायला एकच स्टूल आणि त्यावरही कोणाचा तरी रेडिओ. गिऱ्हाईकानं "कधी मिळेल?" विचारलं की काका मान वर न करता म्हणायचे, "घाई असेल तर नवीन घ्या." कार्डाला हात लावण्याआधी मात्र लोखंडी कपाटाला बोट लावायचे. "आपल्या अंगातली वीज आधी कपाटाला द्यायची. त्याला सवय आहे."

मी ऑफिस सुटल्यावर तिथे उभा असायचो. जुन्या कॉम्प्युटरांचा नाद, दुसरं काही नाही.

ते कार्ड एका बंद छापखान्याच्या माळ्यावर सापडलं. पूर्वीच्या कॉम्प्युटरांना मराठी येत नसे. हे आत बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. काकांनी त्यावर तीन महिने घालवले. कडेचे हिरवे पडलेले तांब्याचे दात खोडरबरानं घासले, फुगलेले भाग काढून नवे गरम कथलाचा डाग देऊन जोडले. एका संध्याकाळी अक्षरं आली. त्यांनी टाइप केलं, 'घाई नाही'. मग आम्हा दोघांना चहा सांगितला. हे कार्डापेक्षाही दुर्मिळ.

दिवाळीआधी त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं, पुसून फोटो काढायला. "चिपवरचा कागद तसाच राहू द्या." कागद कळकट होता. फोटोत बरा दिसेना, म्हणून मी तो काढला, कार्ड पुसलं, गॅलरीत वाळत ठेवलं आणि गावी गेलो. दहा दिवसांनी परत येऊन नवा कागद चिकटवला.

दुकानात लावून पाहिलं तर पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी.

"कागद बदललात?"

"निघत होता. लगेच दुसरा लावला."

"मग ठीक. खाली काच असते. उघडी राहिली असती, तर उन्हानं आतली अक्षरं पुसली गेली असती."

मी मागची वायर उगाच पुन्हा घट्ट केली.

"म्हणजे डाग देताना मीच तापवली. आता जीव सोडला तिनं. हल्ली हात थरथरतो हो."

तेव्हा तरी बोलायचं. मी म्हणालो, "वय झालं, काका. चालायचंच."

त्यानंतर नाजूक काम आलं की ते "माझा हात गेला" म्हणून परत पाठवायचे. वर्षभरात दुकान बंद केलं. आता कर्वेनगरला मुलीकडे असतात.

गेल्या रविवारी भेटायला गेलो होतो. टीव्हीचा रिमोट माझ्यापुढे धरून म्हणाले, "सेल तुम्हीच घाला. माझ्या हाताचं काही खरं नाही." मी घातले, आणि निघालो.

त्यांना एवढं सांगायचं माझ्याकडे बाकी आहे: डाग बरोबर होते, आणि चिप दहा दिवस उन्हात मी ठेवली होती.