बोलत बोलत विचार करा

माणूस नोकरीवर असला की संध्याकाळी घरी येऊन "काही विशेष नाही" म्हणतो. तोच माणूस घरी बसला की रोज एक किस्सा होतो. आमच्या बिबवेवाडीच्या घरात गेल्या वर्षभरात इतके साठले, की आता सांगून टाकतो.

मी सातवी शिकलो. आयुष्य लेथ मशीनवर गेलं. मुलगा महेश इंजिनियर झाला, सॉफ्टवेअरमध्ये गेला. पंचेचाळिशीत कंपनीने त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना एकाच दिवशी घरी पाठवलं. जयंत सदाशिव पेठेतला, संतोष वाघोलीचा. तिघे दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून एकमेकांना इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारायचे. मी पेपर वाचायचो. म्हणजे पेपर समोर धरून ऐकायचो.

*

पहिला किस्सा जयंताचा. हल्ली इंटरव्ह्यू घरूनच होतात, लॅपटॉपवर. समोरच्याने त्याला आकड्यांची एक रांग दिली. त्यातला एक आकडा गायब आहे, तो शोधणारा प्रोग्रॅम लिहा म्हणाला.

जयंताने रांग पाहिली. "तुमच्या उदाहरणात दोन आकडे गायब आहेत."

"सर, एकच आहे असं समजा ना."

"समजायचं कशाला? नाहीये तसं."

पुढचा सगळा वेळ जयंताने ते सिद्ध करण्यात घालवला. शेवटी समोरच्याने चूक मान्य केली, आभारही मानले. दुसऱ्या दिवशी नकाराचा मेल आला.

"मग मिळवलंस काय?" मी विचारलं.

"प्रश्न दुरुस्त झाला, काका. नोकरी पुढच्याला मिळेल."

*

संतोषचं वेगळं. हल्ली म्हणे कानात यंत्र घालून, नाहीतर शेजारी माणूस बसवून उत्तरं घेतात. त्यामुळे समोरचे आधी तपासणी करतात. एका मुलीने संतोषला आधी दोन्ही कान दाखवायला लावले. मग कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली. टेबलाखाली, पडद्यामागे, कपाटातसुद्धा.

संतोष लॅपटॉप हातात घेऊन कपाटात डोकावतोय, तेवढ्यात त्याची आई आत आली.

"काय शोधतुयास रं?"

"नोकरी," संतोष म्हणाला.

ती मुलगी हसली, पण नियम म्हणजे नियम. खोलीत दुसरा माणूस आला म्हणून इंटरव्ह्यू तिथेच बंद झाला. आम्ही त्या रविवारी खूप हसलो. पुढच्या रविवारी संतोष आला नाही. भावाच्या मंगल कार्यालयाचं काम बघायला लागला होता. भेटला की म्हणतो, "बरं हाय, काका. हितं कुणी कान बघत नाय." हसत म्हणतो, पण नजर दुसरीकडे असते.

*

नंतर जयंत एका ठिकाणी इंटरव्ह्यूला बसला, तर समोर जुन्या कंपनीत त्यानेच शिकवून तयार केलेला मुलगा. तो बिचारा अवघडला. "सर, तुमचा मी काय इंटरव्ह्यू घेणार?" म्हणाला आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातला प्रश्न विचारला.

जयंताला ते लागलं. "हा प्रश्न मीच तुला विचारला होता. सोपं विचारून माझ्यावर उपकार नकोत. अवघड विचार."

त्याने अवघड विचारला. जयंताला तो आला नाही.

शेवटी तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत, असं लिहून टाकू का?"

"नको," जयंत म्हणाला.

हे त्याने आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं. चहा न घेता गेला. आता एका कॉलेजात तासावर शिकवतो.

राहिला आमचा महेश.

*

महेशची अडचण निराळी. त्याला उत्तरं यायची. पण या लोकांना नुसतं उत्तर चालत नाही. डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने सांगत सांगत सोडवा म्हणतात. बोलत बोलत विचार करा.

आमच्या घरात ही पद्धत नाही. लेथवर तोंड चालवणाऱ्याची बोटं जातात. महेश लहानपणापासून गप्प राहून काम करत आला. मला ते आजही बरोबर वाटतं.

एका इंटरव्ह्यूत तो इतका वेळ गप्प राहिला की समोरची बाई म्हणाली, "हॅलो? तुमचं नेट गेलंय का?"

नेट व्यवस्थित होतं. महेश विचार करत होता.

"नोकरी नाही मिळाली तर आमचं काही अडत नाही," असं सूनबाईंनी त्याला त्या दिवशी सांगितलं. त्या शाळेत शिकवतात, घर चालतं. पण महेशचं अडत होतं. तो सोसायटीत लिफ्टने जाईनासा झाला होता. लिफ्टमध्ये लोक चौकशी करतात.

*

मग एक दिवस म्हणाला, "अप्पा, जरा समोर बसा. समोर माणूस असला की बोलायची सवय होते."

"मला त्यातलं काय कळणार?"

"कळायचं नाहीये. नुसतं बसा."

बसलो. तो बोलायला लागला. आधी हे घेतो, मग ते वेगळं काढतो, इथून पुढे सरकतो. मध्येच अडला. पण सवय करायची म्हणून बोलतच राहिला.

"इथे अडलं. आता अप्पा बघतायत. अडलं की ते असंच बघतात. बोलत नाहीत. शाळेतसुद्धा मी..."

आणि थांबला. कानापर्यंत लाल झाला.

"पुढे," मी म्हणालो.

*

परवाचा किस्सा. एका कंपनीत दोन फेऱ्या पार झाल्या होत्या, ही शेवटची. दार लोटलेलं होतं. मी बाहेर बसलो होतो. महेश छान बोलत होता. असा बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता.

मग आवाज थांबला.

मी वाट पाहिली. उठलो, दार ढकललं. तो केसांत हात घालून बसला होता. पडद्यावर इंटरव्ह्यू घेणारा मुलगा घड्याळ बघत होता.

"बोल, महेश," मी म्हणालो. "बोल."

पडद्यावरचा मुलगा सावध झाला. "सर, खोलीत कोणी आहे का?"

"माझे वडील आहेत."

"कॅमेरा तिकडे कराल का, प्लीज?"

महेशने लॅपटॉप वळवला. मी बनियनवर होतो.

"काका, तुम्ही आत्ता उत्तर सांगत होतात का?"

"मला प्रश्न कळत नाही. उत्तर कुठून सांगू?"

मुलगा सभ्य होता. म्हणाला, "माझा विश्वास आहे, काका. पण हे सगळं रेकॉर्ड होतं. मला इथेच थांबवावं लागेल. सॉरी, महेश सर."

पडदा काळा झाला. महेश त्याच्याकडे बघत राहिला. मी दारात उभा होतो.

"उत्तर आलं होतं, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही बोललात आणि आलं."

"मग सांग."

"आता कुणाला सांगू?"

मी स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसलो.