पोळ्याची कुटकी

मी सिंगापूरला निघाले त्या दिवशी गावात पोरांची वजनं होती. माझी आई मेळघाटातल्या एका कोरकू गावात अंगणवाडी सेविका. महिन्यातून एकदा खोलीच्या आढ्याला काटा टांगायचा, त्याच्या झोळीत एकेक पोर बसवायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि पोर काढून त्याच्या आईच्या हातात परत द्यायचं, हे काम तिनं जन्मभर केलं. बाहेर धारणीची जीप हॉर्न वाजवत होती. मी तिच्या पायाशी वाकले. झोळीतल्या पोराला एका हातानं सावरत तिनं दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "जाय आता. जीप चुकली तं विमानबी चुकन." जीपपर्यंतसुद्धा आली नाही.

हा राग मी पुढे कित्येक वर्षं बाळगला. एकुलती एक लेक देश सोडून चाललीय आणि हिला कुणाच्या तरी पोराचं साडेसहा किलो महत्त्वाचं. बाबा आश्रमशाळेत मास्तर होते, ते मी कॉलेजात असतानाच गेले. गावात बौद्धांचं घर आमचं एकटंच, नातेवाईक सगळे अमरावतीकडचे. ते आईला म्हणत, आता इकडं ये. ती गेली नाही. सोडून जायचं काम मी केलं.

सिंगापूरच्या हौगांग भागात अकराव्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट मिळाला. प्रशांत, माझा नवरा, तुआसच्या एका शिपयार्डमध्ये इंजिनियर, आणि मी एका प्रयोगशाळेत धान्यं दळून त्यातली प्रथिनं आणि लोह मोजणारी. खाली मार्केटमध्ये भाजी मलेशियाची, तांदूळ थायलंडचा, डाळ हिंदुस्तानी वस्तीतल्या टेक्का बाजारातून आणायची. बारा महिने तोच उकाडा, तोच चारचा पाऊस, त्याच भाज्या. कुठल्या महिन्यात काय संपतं आणि काय उगवतं हे विसरायला मला चार वर्षं पुरली. चार वर्षं म्हणजे काहीच नाही. पण माणूस विसरतं, आणि विसरलंय हेही त्याला कळत नाही.

इथे रविवारच्या बुद्धवंदनेला जमणारे तुम्ही सगळे मला अधूनमधून विचारता, ती बिस्किटं पुन्हा का करत नाहीस. परवा पुलाउ उबीन बेटावर जाताना बोटीतही संगीतानं विचारलं आणि मी सायकलींचा विषय काढला. आज सांगते. तुम्ही माझ्यासारखेच निघून आलेले आहात, तुम्हाला कळेल. आणि तिकडं गावातल्या रामकलीबाई, हे तुमच्यासाठीही आहे. तुमची सून वाचून दाखवील.

कुटकी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेली नसेल. वरईच्या जातीचं बारीक धान्य, डोंगरउतारावर येतं. आमच्या गावात तिची एक जात होती, पोळ्यापर्यंत तयार होणारी. आई तिला पोळ्याची कुटकी म्हणायची. तिचं महत्त्व समजायला आमचा पावसाळा माहीत पाहिजे. नदीवरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला की गावाचा रस्ता बंद. रेशनची गाडी येत नाही, अंगणवाडीची पोषण आहाराची पाकिटं येत नाहीत. घरातलं जुनं धान्य श्रावणात संपतं, ज्वारी आणि मका अजून उभे असतात. पोरांची वजनं घसरायची ती याच दिवसांत, आईच्या रजिस्टरमध्ये दरवर्षी त्याच पानावर. त्या दिवसांना ही कुटकी पुरायची. फार नाही, पण दसऱ्यापर्यंत माणसं तगायची.

लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला आणि तिचं बी आटत गेलं. तालुक्याचा दुकानदार सोयाबीन दाखवत होता, पुष्कळांनी ते धरलं. आठ बायकांनी मात्र कुटकी सोडली नाही. रामकलीबाई त्यांच्यातल्या मोठ्या. त्यांच्या घरांची छपरं गळकी, म्हणून आठही घरांचं बी आमच्या पत्र्याच्या घरात असायचं, शेणानं लिंपलेल्या एका कणगीत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून.

आईचं एक मोठं स्वप्न होतं. बाहेरून येणाऱ्या पाकिटांऐवजी गावातल्या पोरांना गावातली कुटकी मिळावी, सरकारनं ती या बायकांकडूनच घ्यावी. मीटिंगला गेली की ती अंगणवाड्यांच्या साहेबांना सांगायची आणि साहेब म्हणायचे, "बाई, यात पोषण किती ते कागदावर दाखवा." हे तिनं मला फोनवर सांगितलं. गावात तेव्हा फोन नव्हता, महिन्याच्या मीटिंगला ती धारणीला आली की मी कॉलिंग कार्डावरून तिथल्या पीसीओवर फोन करायची. ते ऐकलं आणि मला स्फुरण चढलं. कागद तर माझ्याच हातात होता. लेकीनं परदेशात राहून गावासाठी काही करायचं ते हेच.

प्रयोगशाळेतलं मशीन जूनअखेरपर्यंत मोकळं होतं. मी मे महिन्यात आईला सांगितलं, "कुटकी पाठव. कांडलेली नको, कोंड्यासकट पाहिजे. पाच किलो तरी."  आई म्हणाली, "पाच? बरं. पाहातो."

खरं तर अर्ध्या किलोत तपासणी झाली असती. पाच मागितले, कारण मला बिस्किटंही करून पाहायची होती. पोरांना हातात धरून खाता येतील अशी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. परवान्याचे कागद मी करून ठेवले आणि रजेवर गेलेले आपले सुनीलदादा अमरावतीहून पिशवी घेऊन आले. दादा, तुमचा यात काही दोष नाही. तुम्ही तर वजन जास्त झालं म्हणून स्वतःच्या आईचं लोणचं मागं ठेवलं होतं.

निकाल सुंदर आले. लोह भरपूर. रिपोर्ट मी मराठीतही लिहून पाठवला. बिस्किटांच्या चार खेपा केल्या. पहिल्या दोन फसल्या, टाकून दिल्या. उरलेली तुम्ही वंदनेनंतर चहाबरोबर खाल्लीत आणि नावाजलीत. माझ्या लेकीनं, मैत्रेयीनं, एक खाल्लं आणि म्हणाली, "नाइस लाह, बट सो ड्राय." आपण सगळे हसलो होतो.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी गावी गेले. रपट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनची बुडखं. संध्याकाळी रामकलीबाई भेटायला आल्या, मैत्रेयीच्या गालांवरून हात फिरवला. मी म्हटलं, या वेळी पोळ्याच्या कुटकीचा भात खाऊनच जाणार, पोरीनं कधी खाल्लेला नाही. त्यांनी आईकडं पाहिलं. आई चुलीत लाकूड सारत राहिली. मग त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "वो तो तेरे पास भेज दी थी ना, बेटी. उसके बाद कहाँ बोई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मे महिना. मे महिन्यात कोरकू घरात कोंड्यासकट कुटकी असते ती फक्त बियाण्याची. खायची असते ती कांडून कधीच संपलेली असते. हे मला शिकवावं लागलं होतं का? मी त्याच कणगीशेजारी झोपून मोठी झाले. पण हौगांगमध्ये मे म्हणजे मशीन मोकळं असण्याचा महिना, आणि मी तेवढंच पाहिलं.

रामकलीबाई गेल्यावर मी आईला विचारलं, "तू नाही का म्हणाली नाहीस? बी आहे एवढं तरी सांगायचंस."

"तू कधी काही मागितलं होतं का मले?" आई म्हणाली. "शिकाले गेली तवाबी नाही मागितलं. पह्यल्यांदा मागितलं. कणगीत समदं मिळून पाचच किलो होतं. म्या आठीजणींले बसवलं, इचारलं. त्या म्हणे, आपलीच पोरगी हाय, देऊन टाक. अन् मले वाटलं, तपासलं का वापस येईन."

वापस येईल. तिनं आयुष्यभर केलेली तपासणी तशीच होती. झोळीत घालायचं, मोजायचं, परत द्यायचं. मृग लागला, तरी आठही बायकांनी उतारावरचे आपापले तुकडे नांगरून तसेच ठेवले होते. पहिला पाऊस वाया घालवला, दुसरा वाया घालवला. सिंगापूरहून बी येणार होतं.

आणि मग मला जूनमधला फोन आठवला. आईनं विचारलं होतं, "झालं का तपासून?" मी उत्साहानं सांगितलं, "झालं ना. सगळं दळून झालं." ती म्हणाली, "दळून?" मी म्हटलं, "हो, पीठ केल्याशिवाय कसं मोजणार?" ती "बरं" म्हणाली, आणि मैत्रेयीच्या दाताबद्दल विचारत राहिली. कार्डावरची मिनिटं संपली. त्या एका शब्दातलं काहीही मला ऐकू आलं नाही. मी तिची मुलगी, आणि मला ऐकू आलं नाही.

त्याहून वाईट ऐकायचं राहिलं होतं. रिपोर्ट पाहून साहेब खरंच राजी झाले होते. त्यांनी पत्र पाठवलं, पुढच्या पावसाळ्यापासून सुरुवातीला दोन अंगणवाड्यांना पुरेल इतकी कुटकी द्या. आईला उत्तर लिहावं लागलं की गावात उपलब्ध नाही. पाकिटं चालू राहिली. तिनं ते पत्र मला दाखवलं नाही, मी तिच्या रजिस्टरमध्ये शोधून वाचलं. शेजारच्याच पानांवर त्या दोन पावसाळ्यांतली वजनं होती. ती मी वाचली. इथे लिहिणार नाही.

परत आल्यावर मी वेड्यासारखी प्रयोगशाळेतला फ्रीझर उचकत बसले. नियमाप्रमाणे नमुन्याचा थोडा भाग राखून ठेवायचा असतो. डबी सापडली, माझ्याच अक्षरातलं लेबल. आत पीठ.

त्यानंतर तांदूळ महागला ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. आमच्या शेजारच्या चिनी आंटीनं तीन पोती आणून ठेवली आणि लिफ्टमध्ये मला म्हणाली, "योर कंट्री सो बिग, व्हाय नेव्हर सेल अस राइस?" मी हसले. या बेटावर शेत शोधावं लागतं, पण उद्या काय खायचं याची काळजी इथे शेजारची साधी आंटीसुद्धा करते. आमच्या गावात ती काळजी करणाऱ्या आठ बायका होत्या. त्यांच्या हातून बी मी काढून घेतलं, तेही त्यांचं भलं करायला.

आई आता निवृत्त झालीय. तिनं राज्याच्या सीमेपलीकडच्या गावांत चकरा मारून कुटकीचं दुसरं बी मिळवलं. त्याच बायकांनी ते पेरलं, चांगलं आलंय. पण ती जात दसऱ्याला येते, पोळ्याला नाही. मधला महिना तसाच उघडा राहतो. दरवर्षी तो महिना लागला की मी इथे ऑफिसला जाते, हॉकर सेंटरमध्ये जेवते, आणि घास घेताना मला लाज वाटते. प्रशांत म्हणतो, किती दिवस स्वतःला खात बसशील. 

मागच्या वर्षी गेले होते. निघायच्या सकाळी रामकलीबाई फडक्यात बांधलेली दोनेक किलो कुटकी घेऊन आल्या. मी मागं सरकले. म्हटलं, नको, मी इथून आता काही नेत नाही. त्यांनी गाठ सोडली आणि दाणे माझ्यापुढं धरले. पांढरे, स्वच्छ कांडलेले. तेवढं कांडायला त्यांना दोन दिवस तरी लागले असतील.

"ले जा," त्या म्हणाल्या. "कूट के लाई हूँ. अब इसको कोई बो नहीं सकता. खा लेना, बच्ची को खिलाना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यांनी विचार करूनच ते कांडलं होतं. मी पिशवी घेतली. इथे आणून शिजवली, मैत्रेयीनं दोनदा मागून घेतली. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर आता एवढंच सांगता येतं: तिथं मला अजून पोटभर वाढतात, पण बी माझ्या हातात देत नाहीत. देऊही नये.