उजवीकडे न वळणारा घोडा आणि आमच्या आत्या

जगातल्या निम्म्या दुःखाचं मूळ माणसाच्या वाकड्या बसण्यात आहे, असं माझ्या बायकोच्या आत्यांचं ठाम मत आहे, आणि त्या ते कोणालाही, कुठेही ऐकवतात. आत्या मूळच्या नागपूरच्या, पक्क्या आंबेडकरी घरातल्या. दुःखाचं मूळ तृष्णा, हे त्यांना मान्यच आहे. पण "तृष्णेचं नंतर बघू, आधी खांदे सरळ करा," असं त्यांचं म्हणणं. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यांनी आयुष्यभर लोकांचे गुडघे, कंबरा आणि माना वळवल्या. रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात. एकदा भीमजयंतीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. सगळा हॉल विचार ऐकत होता आणि आत्या माझ्या कानात कुजबुजल्या, "उजवा पाय आखूड आहे, बघा. बुटात काहीतरी घालायला हवं." जेवणाच्या वेळी त्यांनी पाहुण्यांना तसं सांगितलंही. पाहुण्यांनी चक्क पत्ता दिला आणि इनसोल मागवून घेतला.

अशा बाईंनी साठीनंतर घोड्यावर बसायचं ठरवलं, आणि तेही अमेरिकेत गाई हाकणाऱ्या काऊबॉयसारखं. झालं असं की लिंडा नावाची त्यांची एक जुनी पेशंट शहराबाहेर घोड्यांचं यार्ड चालवायची आणि तिथे वेस्टर्न रायडिंग शिकवायची. त्यातलं खोगीर आरामखुर्चीएवढं मोठं, लगाम सैल आणि तोही एकाच हातात. आत्यांचा डावा खुबा झिजलेला, त्यामुळे खोगीर मानवलं. सैलपणा मात्र मानवला नाही. महिन्याभरात त्यांनी लायब्ररीतून ड्रेसाजवरचं पुस्तक आणलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याला कवायत शिकवण्याची युरोपातली जुनी रीत. मैदानाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या, गोल म्हणजे अगदी गोल. आधी लय, मग लवचीकपणा, मग लगामातून हाताशी हलका संपर्क आणि सरतेशेवटी सरळपणा. 'सरळपणा' हा शब्द वाचून आत्यांना माहेर सापडल्यासारखं झालं. त्यांनी ड्रेसाजचे सगळे नियम काऊबॉयच्या खोगिरात बसून पाळायला सुरुवात केली. यार्डमधले वेस्टर्नवाले हसले, ड्रेसाजवाल्या बायका आणखी हसल्या.

"लव्ह, तू एका वाक्यात दोन भाषा बोलतेयस," लिंडा म्हणाली. ती सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणायची. "घोड्याला काय कळणार?"

"आम्ही घरी रोज तसंच बोलतो," आत्या म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं कळतं."

आत्या घरीही सराव करत. एका रविवारी आम्ही जेवायला गेलो, तर सोफा भिंतीला लावलेला आणि कार्पेटवर कागदाची अक्षरं मांडलेली. "जावईबापू, जरा घोडा व्हा," असं म्हणून त्यांनी ड्रेसिंग गाऊनचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. जावयाचा मान राखायचा म्हणून 'तुम्ही' शेवटपर्यंत सोडलं नाही. "बघा, मी ओढलं की तुमची मान ताठ होते. सोडून दिलं की तुम्ही जेवणाच्या टेबलाकडे जाता. मधलं काहीतरी हवं नं बाप्पा!" मी काही सांगू लागलो, तर म्हणाल्या, "बोलू नका, घोडे बोलत नाहीत." बायको हसत व्हिडिओ काढत होती. चार फेऱ्यांनंतर मी डावीकडे कलून चालतो, असं निदान झालं, आणि मला व्यायाम लिहून मिळाले.

यार्डमध्ये डस्टी नावाचा एक तपकिरी घोडा होता, चौदा वर्षांचा. तो उजवीकडे वळायचाच नाही. वळवलं की खांदा आत टाकून धडपडायचा. दोन जण पडता पडता वाचले, तेव्हापासून त्याच्यावर कोणी बसेना. डॉक्टरांनी पाय तपासले, दोष सापडला नाही. काम न करणाऱ्या घोड्याला आणखी एक हिवाळा पोसणं लिंडाला झेपणारं नव्हतं, आणि असा घोडा विकतही कोणी घेत नाही. मग इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवणंच उरतं, पण ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. आत्यांनी त्याला दोनदा पुढून, दोनदा मागून चालताना पाहिलं आणि म्हणाल्या, "हा लंगडा नाही, वाकडा आहे. उन्हाळ्यापर्यंत मला दे."

मग आत्या आठवड्यातून चार दिवस, आधी ट्रॅमने आणि मग बसने, पावसाचिखलात यार्डवर जाऊ लागल्या. पहिला महिना त्यांनी डस्टीला नुसतं चालवलं. पावलांची लय बसावी म्हणून "एक, दोन, तीन, चार" असं मराठीत मोठ्यांदा मोजायच्या. नंतर मोठे गोल, जमिनीवर ठेवलेले बांबू ओलांडणं, मग खांदा जरासा आत घेऊन तिरकं चालणं. लगाम आधी दोन्ही हातांत, हलका. तो दर आठवड्याला बोटभर लांब होत गेला. मी विचारलं, "वेस्टर्नमध्ये लगाम सैलच असतो ना? मग आधीच का नाही सोडत?" आत्या म्हणाल्या, "सैल लगाम शेवटी येतो, जावईबापू. घोडा स्वतःला सांभाळायला शिकला की मगच सोडायचा. आधी सोडला तर त्याला सैल नाही म्हणत, वाऱ्यावर सोडणं म्हणतात."

जुलैत यार्डची छोटीशी स्पर्धा झाली. आत्या हेल्मेट घालून, पाठ फळीसारखी ताठ ठेवून मैदानात आल्या. डस्टीने उजवीकडचा गोल संथ धावत पुरा केला. लगाम एका हातात होता आणि मध्ये झोळीसारखा लोंबत होता. कुंपणापाशी लिंडा माझ्या शेजारी उभी होती. ती माझा दंड घट्ट धरून राहिली. पाच जणांत आत्यांचा चौथा नंबर आला. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, 'वर्तुळ अप्रतिम. पण एवढ्या वेळात गाय पळून गेली असती.' आत्यांनी तो कागद फ्रिजवर लावला.

पण वर्तुळ आणखी एका बाईने पाहिलं होतं. ती वेल्सची होती आणि तिला शांत, शिकलेला घोडा हवा होता. त्याच आठवड्यात आत्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. परत घोड्यावर बसता येईलच, असं सर्जन सांगेना. लिंडाने आधी आत्यांनाच विचारलं, "तू ठेवतेस का?" आत्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, "मी बरी होईपर्यंत तो पुन्हा वाकडा होईल. त्याला रोज काम हवं." त्यांनी डस्टीचे व्यायाम चार पानांवर लिहून त्या बाईला दिले. घोडा गाडीत चढायच्या आधी त्याच्या उजव्या खांद्यावरून एकदा हात फिरवला, डिस्चार्जच्या आधी पेशंटला तपासावं तसा. परतताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "वेल्समध्ये पाऊस इथल्यापेक्षा जास्त असतो का हो?"

"साधारण तेवढाच."

"मग ठीक आहे."

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात लिंडाने वेल्सहून आलेला व्हिडिओ मला पाठवला. हिरव्या उतारावर डस्टी सैल लगामात उजवीकडे गोल घेत होता, कान पुढे करून. मी फोन आत्यांच्या हातात दिला. उशांना टेकून त्यांनी तो दोनदा, मग तिसऱ्यांदा पाहिला. "खांदा अजून थोडा पडतोय," त्या म्हणाल्या. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "पण खूश आहे, नाही?"

मी हो म्हणालो. बायकोने चहा आणला, तो निवला. फोन माझा होता, पण आत्यांनी तो लवकर परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.